क्लेमेन्स फॉन पिर्के
क्लेमेन्स फॉन पिर्के (१२ मे १८७४ – २८ फेब्रुवारी १९२९) हे ऑस्ट्रियन बालरोगतज्ज्ञ होते. ‘ॲलर्जी’ ही संज्ञा त्यांनी १९०६ मध्ये रूढ केली.

जीवन
व्हिएन्नाजवळील हिर्शस्टेटन येथे त्यांचा जन्म झाला. धर्मशास्त्र व तत्त्वज्ञानाचा अभ्यास सोडून ते वैद्यकाकडे वळले आणि १९०० मध्ये ग्रात्स येथे पदवीधर झाले. बाल्टिमोर व ब्रेस्लाऊ येथील प्राध्यापकपदांनंतर १९११ मध्ये ते व्हिएन्नाला परतले. पहिल्या महायुद्धानंतर उपासमार झालेल्या ऑस्ट्रियन मुलांच्या अन्नपुरवठ्याची व्यवस्था त्यांनी उभारली. १९२९ मध्ये त्यांनी पत्नीसह आत्महत्या केली.

संशोधन
घटसर्पासारख्या रोगांवर तेव्हा घोड्याचे रक्तजल टोचत. काही मुलांना त्यानंतर आठवड्याभराने ताप व पुरळ येई. दुसऱ्यांदा टोचल्यास हाच त्रास लवकर व तीव्रतेने होई. बेला शिक यांच्यासह पिर्के यांनी याचा अभ्यास केला. पदार्थ तोच असूनही शरीराचा प्रतिसाद बदलतो आणि त्या प्रतिसादातूनच आजार उद्भवतो, हे त्यांनी दाखवले. १९०७ मध्ये त्यांनी क्षयाची त्वचाचाचणी मांडली.

महत्त्व
या विचाराचा प्रत्यय अन्ननलिकेच्या इओसिनोफिलिक दाहात येतो. स्वतंत्र विकार म्हणून तो १९९० च्या दशकात ओळखला गेला. दूध, गहू, अंडी यांसारख्या एरवी निरुपद्रवी अन्नातील प्रथिनांमुळे अन्ननलिकेच्या अस्तरात इओसिनोफिल पेशी साचतात. दाह दीर्घकाळ राहिल्यास नलिका अरुंद होऊन घास अडकतो. कारणीभूत अन्न वर्ज्य केल्यास अनेक रुग्णांचा दाह ओसरतो व ते पुन्हा घेतल्यास बहुधा परततो.