थॉमस हॉजकिन : मित्रांच्या पंथातील वैद्य

कर्करोगाच्या रुग्णालयात हॉजकिन हे नाव रोज कानावर पडते. लसिकाग्रंथींच्या एका कर्करोगाला ते नाव मिळाले आहे आणि वेळीच निदान झाले, तर आज या रोगाचे बहुसंख्य रुग्ण बरे होतात. मात्र ज्या वैद्याचे हे नाव, त्या थॉमस हॉजकिन यांना स्वतःच्या रुग्णालयात साधे सहायक वैद्याचे पदही मिळू शकले नव्हते. त्यांना घडविले ते एका लहानशा धर्मपंथाने आणि मोजक्या मित्रांनी. त्या पंथापायी त्यांनी बरेच गमावले, परंतु पंथ सोडला नाही.

१७ ऑगस्ट १७९८ रोजी लंडनच्या पेंटनव्हिल भागात हॉजकिन यांचा जन्म झाला. घराणे क्वेकर पंथाचे. सतराव्या शतकात जॉर्ज फॉक्स यांच्या उपदेशातून उभ्या राहिलेल्या या पंथाचे अधिकृत नावच मुळी सोसायटी ऑफ फ्रेंड्स, म्हणजे मित्रांचा समाज, असे आहे. या समाजाच्या सभेत पुरोहित नसे. सारे जण मौन धरून बसत आणि ज्याला आतून प्रेरणा होईल तो बोले. शपथ घ्यायची नाही, शस्त्र धरायचे नाही, कोणापुढे टोपी काढायची नाही आणि पोशाख साधा ठेवायचा, अशी त्यांची शिस्त होती. ऑक्सफर्ड आणि केंब्रिज येथे पदवीसाठी प्रस्थापित चर्चशी निष्ठा जाहीर करावी लागे. त्यामुळे ती दारे क्वेकरांना बंद होती. साहजिकच ही मंडळी व्यापार, औषधनिर्मिती आणि विज्ञान यांकडे वळली आणि एकमेकांच्या आधाराने पुढे आली.

हॉजकिन यांचे वडील शिकवण्या करीत. थॉमस आणि त्यांचा धाकटा भाऊ जॉन यांचे शिक्षण घरीच झाले. पुढे विल्यम ॲलन यांच्याकडे त्यांना काम मिळाले. ॲलन हे क्वेकर, नामांकित रसायनतज्ज्ञ आणि गुलामगिरीचे कट्टर विरोधक. औषधांचे ज्ञान आणि दुर्बलांविषयीची कळकळ एकाच माणसात नांदू शकते, हे तरुण हॉजकिन यांनी तेथे जवळून पाहिले.

वैद्यकाच्या शिक्षणासाठी ते लंडनच्या गायज रुग्णालयात आणि नंतर एडिंबरोला गेले. तेथील विद्यापीठात धर्माची अट नव्हती. मध्यंतरी पॅरिसला जाऊन त्यांनी लेनेक यांच्याकडून स्टेथोस्कोपचा वापर शिकून घेतला आणि परतल्यावर गायजमधील सहकाऱ्यांना त्याचे महत्त्व पटवून देण्याचा प्रयत्न केला. १८२३ मध्ये त्यांनी एडिंबरोची पदवी घेतली. त्याच सुमारास क्षयाने आजारी असलेल्या अब्राहम माँटेफिओरी या धनिकाचे वैद्य म्हणून त्यांनी युरोपात प्रवास केला. ती नोकरी फार काळ टिकली नाही. मात्र त्या निमित्ताने अब्राहम यांचे बंधू मोझेस यांच्याशी झालेली ओळख जन्मभर टिकली. मोझेस ज्यू आणि हॉजकिन क्वेकर. इंग्लंडच्या प्रतिष्ठित वर्तुळात दोघेही परकेच होते.

गायज रुग्णालयाने आपल्या वैद्यकीय शाळेसाठी हॉजकिन यांना संग्रहालयाचे प्रमुख आणि विकृतिशास्त्राचे व्याख्याते नेमले. शवविच्छेदन करायचे, रोगट अवयव जतन करायचे, त्यांची सूची करायची, असे हे कष्टाचे आणि फारशी प्रतिष्ठा नसलेले काम होते. त्यांनी ते मनापासून केले. रिचर्ड ब्राइट आणि थॉमस ॲडिसन हे त्यांचे तेथील समकालीन. या तिघांचीही नावे पुढे रोगांना मिळाली. एकाच इमारतीत वावरणारी ही माणसे एकमेकांच्या निरीक्षणांवर आपले विचार तपासून पाहत होती.

आणखी एक सोबती पंथातूनच लाभला. जोसेफ जॅक्सन लिस्टर हे मद्याचे व्यापारी, पण सूक्ष्मदर्शकाच्या भिंगांत त्यांनी मोठी सुधारणा घडविली होती. निर्जंतुक शस्त्रक्रियेचे प्रणेते जोसेफ लिस्टर हे त्यांचे पुत्र. थोरले लिस्टर आणि हॉजकिन यांनी १८२७ मध्ये रक्त आणि ऊती यांवरील निरीक्षणे प्रसिद्ध केली. शरीरातील सर्व ऊती सूक्ष्म गोलकांच्या बनलेल्या असतात, ही त्या काळची समजूत त्यांनी खोडून काढली. तांबड्या पेशी दोन्ही बाजूंनी खोलगट तबकडीसारख्या असतात, हेही दाखवून दिले.

जानेवारी १८३२ मध्ये लंडनच्या वैद्यकीय सभेपुढे हॉजकिन यांचा निबंध वाचला गेला. त्यात लसिकाग्रंथी आणि प्लीहा यांची विशिष्ट वाढ झालेल्या सात रुग्णांचे वर्णन होते. हॉजकिन त्या सभेचे सदस्य नसल्याने निबंध दुसऱ्याने वाचला. फारसे कोणी लक्ष दिले नाही. पुढे गायजमधीलच सॅम्युएल विल्क्स यांना स्वतंत्रपणे तोच विकार आढळला. हॉजकिन यांनी तो आधीच नोंदविला असल्याचे कळताच विल्क्स यांनी १८६५ मध्ये त्याला हॉजकिन यांचे नाव देऊन टाकले. आपला शोध दुसऱ्याच्या नावे करण्याचे असे औदार्य विज्ञानाच्या इतिहासात वारंवार दिसत नाही.

हॉजकिन यांचे लक्ष केवळ रोगांवर नव्हते. उत्तर अमेरिकेतील मूळ रहिवाशांची व्यापारी कंपन्यांकडून होणारी दुर्दशा त्यांना अस्वस्थ करी आणि ती ते उघडपणे मांडीत. गायजचे खजिनदार बेंजामिन हॅरिसन यांच्या हाती रुग्णालयाचा सारा कारभार होता. तेच हडसन बे कंपनीच्या व्यवस्थापनातही होते. १८३७ मध्ये सहायक वैद्याचे पद रिकामे झाले, तेव्हा हॉजकिन यांना डावलून बेंजामिन बॅबिंग्टन यांची निवड झाली. हॉजकिन यांची ठाम मते आड आली, असे चरित्रकार मानतात. त्यांनी राजीनामा दिला आणि त्यांच्या संशोधनाचा सर्वांत फलदायी काळ तेथेच संपला.

त्याच वर्षी थॉमस फॉवेल बक्स्टन यांच्यासह त्यांनी मूळ रहिवाशांच्या संरक्षणासाठी संस्था उभी केली. बक्स्टन यांची आई क्वेकर होती आणि पत्नी तुरुंगसुधारक एलिझाबेथ फ्राय यांची बहीण. विवाहसंबंध, व्यापार आणि सभा यांतून विणलेले हे जाळे गुलामगिरीविरोधापासून तुरुंगसुधारणेपर्यंत अनेक चळवळींना माणसे आणि पैसा पुरवीत होते.

या जाळ्याचा काच मात्र हॉजकिन यांच्या वाट्याला आला. त्यांचे प्रेम सारा गॉडली या नात्याने बहीण लागणाऱ्या तरुणीवर होते. मामेबहिणीशी लग्न आपल्याकडे अनेक घरांत रूढ आहे आणि इंग्लंडच्या कायद्यातही अशा विवाहाला आडकाठी नव्हती. परंतु क्वेकर पंथाला तो मान्य नव्हता. साराचे लग्न दुसरीकडे झाले. ती विधवा झाल्यावर हॉजकिन यांनी पुन्हा प्रयत्न केला आणि नियम बदलावा, यासाठी लेखी युक्तिवादही मांडला. समाज बधला नाही. पंथाबाहेर पडले असते, तर मार्ग मोकळा होता. ते बाहेर पडले नाहीत. ज्या समाजाने आपल्याला विवेक दिला, त्याच्याशी वाद घालायचा, पण त्याला पाठ दाखवायची नाही, असाच त्यांच्या वागण्याचा अर्थ लावावा लागतो. पुढे वयाची पन्नाशी उलटल्यावर त्यांनी सारा स्केफ या विधवेशी विवाह केला.

उत्तरायुष्यात व्यवसायातून त्यांना फारसा पैसा मिळाला नाही. गरिबांकडून ते शुल्क घेत नसत आणि श्रीमंतांकडे मागताना संकोचत. मोझेस माँटेफिओरी यांची मैत्री मात्र वाढत गेली. जगभरातील छळ सोसणाऱ्या ज्यूंसाठी माँटेफिओरी दूरदूरचे प्रवास करीत आणि हॉजकिन वैद्य व सोबती म्हणून बरोबर जात. मोरोक्कोच्या प्रवासाचा वृत्तांतही हॉजकिन यांनी लिहिला.

१८६६ मध्ये दोघे पुन्हा पॅलेस्टाइनकडे निघाले. वाटेत हॉजकिन यांना अतिसाराने गाठले. जाफा येथे ते अंथरुणाला खिळले. माँटेफिओरी यांना कामासाठी जेरुसलेमला जावे लागले. ४ एप्रिल १८६६ रोजी हॉजकिन यांनी जाफा येथेच देह ठेवला. वृद्ध मित्राने त्यांच्या कबरीवर दगडी स्तंभ उभारला. साध्या क्वेकराच्या थडग्यावर एका ज्यू मित्राने उभे केलेले हे स्मारक दोघांच्या स्नेहाची साक्ष देते.

गायजच्या संग्रहालयात हॉजकिन यांनी जपलेले काही अवयव टिकून राहिले. १९२६ मध्ये त्यांची सूक्ष्मदर्शकाखाली तपासणी झाली. सातही रुग्णांना तो विकार नव्हता. परंतु काहींच्या ग्रंथींत या कर्करोगाची खूण स्पष्ट आढळली. उघड्या डोळ्यांनी केलेले ते निदान सुमारे शतकानंतर खरे ठरले.