गायनाचार्य पं. विष्णु दिगंबर पलुसकर आणि नाशिकक्षेत्र

श्रीरामप्रभूंच्या वास्तव्याने पुनीत झालेल्या पंचवटीत नामस्मरण, कीर्तन आणि भजन यांची परंपरा फार प्राचीन आहे. रामनवमीचा उत्सव, कामदा एकादशीची रथयात्रा आणि गोदातीरावरील नित्य हरिकीर्तने यांमुळे हे क्षेत्र सदैव नादमय राहिले. याच क्षेत्री आयुष्याची अखेरची वर्षे रामसेवेत वेचणारे थोर गायक म्हणजे गायनाचार्य पंडित विष्णु दिगंबर पलुसकर होत.

पंडितजींचा जन्म १८ ऑगस्ट १८७२ रोजी कृष्णातीरी कुरुंदवाड येथे झाला. त्यांचे वडील दिगंबरबुवा हे कीर्तनकार होते. त्यामुळे अभंग, पदे आणि आख्याने बाळ विष्णूच्या कानांवर पाळण्यातच पडली. परंतु लहानपणी एका उत्सवप्रसंगी दारूकामातील फटाका चेहऱ्याजवळ उडून डोळ्यांना गंभीर इजा झाली आणि दृष्टी अतिशय अधू झाली. शालेय शिक्षणाचा मार्ग खुंटला. मुलाचा गळा गोड असल्याने त्यास गायन शिकवावे असे ठरले आणि मिरज येथे ग्वाल्हेर परंपरेतील थोर गवई पंडित बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर यांच्या चरणी त्यांना विद्यालाभ झाला. सुमारे नऊ वर्षे त्यांनी कठोर साधना केली.

त्या काळी गवयाच्या कलेला मान असला, तरी स्वतः गवयाला समाजात प्रतिष्ठा नव्हती. मिरजेतील एका समारंभाचे निमंत्रण शिष्याला आले, परंतु गुरूंना आले नाही. हा अवमान पंडितजींच्या जिव्हारी लागला, अशी आठवण सांगितली जाते. संगीताला आणि संगीतकाराला सन्मान मिळवून देण्याचा निश्चय करून त्यांनी इ. स. १८९६ मध्ये मिरज सोडली. संस्थानिकांचा आश्रय सहज मिळत असतानाही तो न स्वीकारता त्यांनी बडोदे, सौराष्ट्र, ग्वाल्हेर, मथुरा असा प्रवास केला. सामान्य माणसाला अल्प दराचे तिकीट काढून शास्त्रीय गायन ऐकता यावे, म्हणून त्यांनी जाहीर जलसे केले. दरबारात कोंडलेली विद्या अशा रीतीने लोकांपर्यंत आली.

दिनांक ५ मे १९०१ रोजी लाहोर येथे त्यांनी गांधर्व महाविद्यालयाची स्थापना केली. राजाश्रयाऐवजी लोकाश्रयावर, म्हणजे देणग्या आणि जलशांच्या उत्पन्नावर, ही संस्था चालली. निश्चित अभ्यासक्रम, परीक्षा, स्वतः तयार केलेली स्वरलेखनपद्धती आणि छापील क्रमिक पुस्तके यांमुळे संगीतशिक्षणास शिस्त आली. निवडक विद्यार्थ्यांना अन्नवस्त्रासह विनामूल्य शिक्षण देऊन त्यांच्याकडून पुढे संगीतप्रसाराचे कार्य करून घेण्याची योजनाही त्यांनी आखली. कुलीन स्त्रियांनी गाणे शिकणे निषिद्ध मानले जाई, त्या काळात त्यांनी स्त्रीशिक्षणासही उत्तेजन दिले. जुन्या बंदिशींतील उत्तान शृंगाराची शब्दरचना दूर सारून त्यांनी भक्तिपर शब्द योजले आणि तुलसीदास, सूरदास, कबीर, मीराबाई यांच्या पदांना रागदारीचा साज चढविला.

इ. स. १९०८ मध्ये महाविद्यालयाची शाखा मुंबईस सुरू झाली व पुढे तेच मुख्य केंद्र बनले. संस्थेसाठी सँडहर्स्ट रोडवर भव्य इमारत उभी राहिली; परंतु तिच्यासाठी काढलेल्या कर्जाचा भार वाढतच गेला. ते फेडण्यासाठी पंडितजी गावोगावी जलसे करीत हिंडले. तरीही इ. स. १९२४ च्या सुमारास इमारतीचा लिलाव झाला. ज्या वास्तूसाठी आयुष्याची मिळकत खर्ची पडली, ती डोळ्यांदेखत गेली. गृहस्थाश्रमातही दुःखाला अंत नव्हता. त्यांची बहुतेक अपत्ये अल्पवयातच निवर्तली होती.

याच काळात पंडितजींचे मन रामनामाकडे पूर्णपणे वळले. त्यांनी भगवी वस्त्रे धारण केली आणि इ. स. १९२२ मध्ये नाशिक येथे रामनाम आधाराश्रमाची स्थापना केली. आश्रमाच्या नावातच त्यांचा भाव प्रकट होतो. धन, वास्तू आणि आप्त यांचा आधार सुटत असता एका नामाचा आधार त्यांनी घट्ट धरला. आश्रमात गुरुकुल पद्धतीने शिष्य राहत आणि रामनामाच्या घोषात संगीताची उपासना चाले. गोस्वामी तुलसीदासांच्या रामचरितमानसावर ते सुस्वर प्रवचने करीत. वडिलांकडून लाभलेले कीर्तन आणि गुरूंकडून लाभलेली रागविद्या यांचा संगम या गोदातीरी झाला.

वैराग्य स्वीकारले, तरी पंडितजी राष्ट्रकार्यापासून दूर गेले नाहीत. काँग्रेसच्या अधिवेशनांत ते वंदे मातरम् गात असत. इ. स. १९२३ च्या काकीनाडा अधिवेशनात अध्यक्षांनी हरकत घेतली असताही त्यांनी गीत पूर्ण केले. रघुपति राघव या सर्वपरिचित रामधूनीच्या चालीचे श्रेयही त्यांनाच दिले जाते. इ. स. १९३० च्या दांडीयात्रेमुळे ही धून देशभर घरोघरी पोहोचली.

दिनांक २१ ऑगस्ट १९३१ रोजी मिरज येथे पंडितजींनी देह ठेवला. जेथे विद्या लाभली, तेथेच यात्रा संपली. त्याच वर्षी त्यांच्या शिष्यवर्गाने गांधर्व महाविद्यालय मंडळाची स्थापना केली. या मंडळाच्या संगीत परीक्षा आजही देशभर घेतल्या जातात. पं. ओंकारनाथ ठाकूर, पं. विनायकराव पटवर्धन, पं. नारायणराव व्यास, प्रा. बी. आर. देवधर आदी शिष्यांनी काशी, पुणे, मुंबई अशा नगरांत गुरूंचे कार्य पुढे नेले. मुंबईची वास्तू गेली, परंतु माणसांत रुजविलेली विद्या लिलावात जाऊ शकली नाही.

नाशिकने पंडितजींच्या वंशासही आशीर्वाद दिला. त्यांचे सुपुत्र दत्तात्रेय यांचा जन्म २८ मे १९२१ रोजी याच नगरीत झाला. वडील निवर्तले तेव्हा ते अवघे दहा वर्षांचे होते. पं. विनायकराव पटवर्धन व पं. नारायणराव व्यास या वडिलांच्याच शिष्यांनी त्यांना घडविले आणि पं. द. वि. पलुसकर या नावाने त्यांची भजने व ख्यालगायन सर्वत्र गाजले. इ. स. १९५५ मध्ये अल्पवयातच त्यांचे निधन झाले. त्यांच्या ध्वनिमुद्रिका मात्र रसिक आजही श्रद्धेने ऐकतात.

रामकुंडावर स्नान करून श्रीकाळारामाचे दर्शन घेताना भाविकांच्या मुखी सहज रामधून येते. त्या वेळी या नादयोग्याचेही स्मरण व्हावे, इतके त्यांचे ऋण या क्षेत्रावर आहे.