२३ तास एकट्यानं गाडी पळवली, पण लक्षात राहिला तो अपघातामुळं

लोणावळ्यावरून जाणारा मुंबई-पुणे एक्स्प्रेस-वे साधारण ९५ किलोमीटरचा. तो सलग ३७ वेळा पार करायचा, तेही सरासरी १५० च्या पुढच्या स्पीडनं आणि एकट्यानं. १९५२ मध्ये फ्रान्सच्या पिअर लेव्हेगनं जवळपास एवढंच केलं होतं.

लेव्हेगचा जन्म १९०५ चा, पॅरिसमधला. खरं आडनाव बुइयाँ. लेव्हेग हे नाव त्यानं रेसिंग करणाऱ्या एका नातेवाइकाकडून उचललं.

ल माँची रेस २४ तासांची. त्या काळी एका गाडीला दोन ड्रायव्हर असायचे, आलटून पालटून चालवायचे. पण १९५२ मध्ये लेव्हेगनं जोडीदाराला स्टिअरिंग दिलंच नाही. त्याची टॅल्बो चार लॅप पुढे होती. शेवटच्या तासाभरात इंजिन गेलं आणि मर्सिडीज जिंकली. थकव्यामुळं गिअर चुकला, असा ठपका त्याच्यावर बसला.

त्याच मर्सिडीजनं १९५५ मध्ये त्याला टीममध्ये घेतलं. तेव्हा तो ४९ वर्षांचा होता. ११ जूनला संध्याकाळी पिटमध्ये जाण्यासाठी माइक हॉथॉर्नच्या जॅग्वारनं वेग कमी केला. मागची ऑस्टिन-हीली डावीकडे वळली. लेव्हेगची गाडी तिच्यावर आदळून उडाली आणि तिचे तुकडे प्रेक्षकांत घुसले. लेव्हेगसह ८० हून जास्त माणसं गेली.

चौकशीत एकाही ड्रायव्हरला दोषी धरलं नाही, जुनाट ट्रॅककडे बोट दाखवलं गेलं. मर्सिडीजनं वर्षअखेरीस रेसिंग सोडलं. स्वित्झर्लंडनं सर्किट रेसिंगवर बंदी घातली.

आज ल माँत एका ड्रायव्हरला १४ तासांपेक्षा जास्त गाडी चालवता येत नाही.