एका खोलीतील दोन स्वभाव

लग्न जुळवताना किंवा भागीदारीत धंदा काढताना आपण स्वभाव जुळतात का, हे आधी पाहतो. संत फ्रान्सिस झेवियर ह्यांच्या बाबतीत कोणी तसे पाहिले असते, तर ते बहुधा गोव्याला आलेच नसते.

फ्रान्सिस ह्यांचा जन्म ७ एप्रिल १५०६ रोजी नवार राज्यातील एका सरदार घराण्यात झाला. पुढे कॅस्टिलने नवार जिंकले आणि त्यांच्या वाड्याचे बुरूज पाडले. १५२१ साली पँप्लोनाच्या लढाईत त्यांचे भाऊ नवारच्या बाजूने होते. समोर किल्ला राखताना तोफगोळ्याने ज्याचा पाय मोडला, तो सैनिक म्हणजे इग्नेशियस लोयोला!

हेच इग्नेशियस १५२९ साली पॅरिसच्या कॉलेजात फ्रान्सिसच्या खोलीत राहावयास आले. एक तेवीस वर्षांचा, उत्साही, मोठ्या पदाची स्वप्ने पाहणारा. दुसरा अडतिशीचा, लंगडत चालणारा, भिक्षेवर शिकणारा, प्रत्येक पाऊल तोलूनमापून टाकणारा. खोलीतील तिसरे सोबती पीटर फेबर लवकरच इग्नेशियसकडे ओढले गेले. फ्रान्सिस मात्र थट्टाच करीत. इग्नेशियस रागावले नाहीत. फ्रान्सिस शिकवू लागले तेव्हा त्यांनी विद्यार्थी मिळवून दिले, पैशांची अडचणही भागवली. अशी काही वर्षे गेली. आम्हांला ह्या सोशिकपणाचेच अधिक नवल वाटते, कारण घरात आपण चार दिवसही थांबत नाही. फ्रान्सिसची महत्त्वाकांक्षा काही विझली नाही, तिची दिशा तेवढी बदलली. १५ ऑगस्ट १५३४ रोजी माँमार्त्र येथे दोघांनी सोबत्यांसह प्रभूला वचन दिले.

१५४० साली भारतात जाणारे बोबादिया आजारी पडले आणि फ्रान्सिसना ऐनवेळी निघावे लागले. दोघांची पुन्हा भेट झाली नाही. एक रोममध्ये बसून येशूसंघाचे नियम लिहीत होता. दुसरा ६ मे १५४२ रोजी गोव्यात उतरला व पुढे आपल्या वसईपासून जपानपर्यंत फिरत राहिला. इग्नेशियसचे पत्र आले की फ्रान्सिस ते गुडघे टेकून वाचत. सोबत्यांच्या पत्रांतील सह्या कापून त्यांनी गळ्यात बांधल्या होत्या.

जून १५५३ मध्ये इग्नेशियसनी त्यांना युरोपात परत बोलावणारे पत्र लिहिले. फ्रान्सिस ३ डिसेंबर १५५२ रोजीच चीनजवळच्या बेटावर देवाघरी गेले होते. रोमला अजून ते कळले नव्हते.

१२ मार्च १६२२ रोजी दोघांना एकाच दिवशी संतपद मिळाले.