ठेक्याचे राज्य मोडणारा दिवाण

मराठवाड्यातल्या बहुतेक घरांत हैदराबादच्या सहलीची एक तरी आठवण असते. चारमिनार, बांगड्यांची खरेदी, आणि सालारजंग म्युझियम. तिथल्या त्या मोठ्या घड्याळासमोर मुले तास भरण्याची वाट पाहत जमिनीवर बसून राहतात. तास भरला की छोटा बाहुला बाहेर येतो, टोले देतो आणि आत जातो. मग पावले वळतात ती बुरख्यातल्या रिबेकाकडे. दगडातून कोरलेला तो झिरझिरीत पदर पाहून आपल्या आयाबहिणी हिमरू शालीच्या विणकामाशी त्याची तुलना करतात, तीही काही वावगी नाही.

हे म्युझियम ज्यांच्या नावाने आहे ते सालारजंग एक नव्हेत, तीन. संग्रह मुख्यत्वे नातवाचा, म्हणजे तिसऱ्या सालारजंगांचा. पण रिबेका आणली ती आजोबांनी. १८७६ साली पहिले सालारजंग युरोपला गेले होते, तेव्हा रोममध्ये त्यांनी बेंझोनी या शिल्पकाराची ही मूर्ती घेतली. मूर्ती घेण्यासाठी मात्र ते गेले नव्हते. ते गेले होते वऱ्हाड परत मिळवायला. त्या प्रवासाची हकीकत पुढे येईलच.

मीर तुराब अली खान हे त्यांचे नाव. १८५३ ते १८८३ अशी सलग तीस वर्षे ते निजामाच्या राज्याचे दिवाण होते. म्हणजे त्या तीस वर्षांत औरंगाबादच्या सुभ्याचा कारभार त्यांच्या हुकुमांवर चालला. अजिंठा गाव तर त्यांच्या खासगी जहागिरीतले. आपले आजोबा-पणजोबा कलेक्टरला अव्वल तालुकदार म्हणत. १९४८च्या पोलीस कारवाईपर्यंत कचेऱ्यांत रुळलेला तो शब्द. अव्वल, दोम आणि सोम तालुकदार ही उतरंड सालारजंगांच्या काळात बसली. त्याआधीही तालुकदार होतेच, पण ते वेगळ्या जातकुळीचे.

तो वेगळेपणा समजून घेतल्याशिवाय या माणसाने काय केले ते कळणार नाही.

एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या चाळीस वर्षांत निजामाच्या राज्याची खरी सूत्रे राजा चंदूलाल यांच्या हाती होती. दानशूर म्हणून त्यांचा मोठा लौकिक. उर्दू-फारसीत ते कविताही करीत. दारी आलेला याचक विन्मुख गेला नाही, अशी त्यांची ख्याती. पण हे दान कोणाच्या पैशाने चालले होते, हे विचारले की मामला अवघड होतो. त्या काळी तालुके ठेक्याने दिले जात. ज्याने दरबारात अधिक नजराणा भरला, पुढच्या वसुलीपोटी अधिक रक्कम आगाऊ दिली, तो तालुकदार. वसुलीतून रुपयामागे ठरलेले आणे त्याने आपल्याकडे ठेवायचे. उद्या कोणी त्याहून मोठी बोली बोलला की हा जाणार आणि तो येणार. दरम्यान याने आपला नजराणा, सावकाराचे व्याज आणि वर नफा एवढे सगळे कुणबी माणसाकडून उपसून घ्यायचे. पीक आले काय, बुडाले काय, त्याला सोयरसुतक नाही. कारण पुढच्या हंगामात आपण इथे असू याचीच त्याला खात्री नसे.

या व्यवस्थेत अधिकारी, सावकार आणि फौजेचा जमादार ही तीन माणसे वेगळी उरली नाहीत. अरब आणि पठाण जमादार सैनिक पुरवीत, पगार थकला की तेच दरबाराला कर्ज देत आणि कर्जापोटी तालुके गहाण घेऊन बसत. सरकारकडून पगार घ्यायचा आणि सरकारलाच व्याजाने पैसे द्यायचे, अशी ती सोय होती.

याचा सर्वांत गाजलेला नमुना म्हणजे पामर आणि कंपनी. विल्यम पामर हा इंग्रज सेनाधिकारी आणि त्याची मुसलमान बेगम यांचा मुलगा. १८१४ साली त्याने हैदराबादेत पेढी काढली. औरंगाबाद आणि वऱ्हाडकडच्या फौजेचा पगार महिन्याच्या महिन्याला भागवायचा आणि त्या बदल्यात तालुक्यांचा वसूल लावून घ्यायचा, हा तिचा मोठा धंदा. म्हणजे आपल्याकडच्या घोडेस्वाराचा पगार निजामाच्या नावाने होई, पण पैसा पेढीचा आणि व्याज शेकडा चोवीस-पंचवीसच्या घरात. आता गंमत अशी, की इंग्रज माणसाने परवानगीवाचून देशी राजांना कर्ज देऊ नये असा कायदा विलायतेच्या पार्लमेंटने १७९७ सालीच केलेला होता. हितसंबंधांना आवर घालणारा तो कायदा चांगलाच होता. पण त्यात एक खिडकी होती. गव्हर्नर जनरलने मान्यता दिली तर चालेल! पामरच्या भागीदारांत सर विल्यम रम्बोल्ड होता, आणि त्याची बायको ही गव्हर्नर जनरल लॉर्ड हेस्टिंग्ज यांच्या पालकत्वाखाली वाढलेली मुलगी. मान्यता १८१६ साली मिळाली. १८२० साली साठ लाखांच्या कर्जालाही मिळाली, तीही कौन्सिलात हेस्टिंग्जच्या निर्णायक मतावर. पुढे चार्ल्स मेटकाफ हा रेसिडेंट म्हणून आला आणि त्याने हिशेब तपासले, तेव्हा त्या साठांतले आठ लाख भागीदारांची बक्षिशी म्हणून आधीच बाजूला काढल्याचे उघड झाले. अखेर निजामाने उत्तर सरकार प्रांताच्या वार्षिक पेशकशीवर कायमचे पाणी सोडले, त्या बदल्यात कंपनी सरकारकडून सुमारे १ कोटी १६ लाख रुपये एकरकमी घेतले आणि त्यातून पेढीचे देणे फेडले. प्रांताचे उत्पन्न गेले ते गेलेच.

पामर बुडाले म्हणून पद्धत बुडाली नाही. पुढे पेस्तनजी मेहेरजी यांच्या पारशी पेढीने तीच जागा घेतली. कापसाच्या व्यापारात या मंडळींचे कर्तृत्व मोठे होते, ते नाकारता येत नाही. पण दरबाराला दिलेल्या कर्जापोटी औरंगाबाद-वऱ्हाडकडचे तालुके त्यांच्याकडे लागले, आणि नाणी पाडण्याचा अधिकारही मिळाला. आपल्या औरंगाबादच्या टांकसाळीतून निघालेल्या त्या रुपयाला लोक पेस्तनशाही म्हणत. राजाच्या नाण्याला सावकाराचे नाव! १८४५ साली त्यांच्याकडचे तालुके काढून घेतले गेले, आणि पुढे तीही पेढी बसली.

तुराब अलींचा जन्म १८२९चा. वडील लहानपणीच वारले. आजोबा मुनीर-उल-मुल्क हे नावाचे दिवाण होते. कारभारात लक्ष घालणार नाही, असे मान्य करून ते बसून नेमणूक घेत आणि चंदूलाल राज्य चालवीत. आजोबा गेले तेव्हा मागे कर्ज राहिले. घरच्या जहागिरीवर सावकार कसा बसतो हे या मुलाने घरातच पाहिले. चुलते सिराज-उल-मुल्क यांनी त्याला वाढवले, फारसी-अरबी शिकवली, आणि विशी गाठायच्या आत काही महिने तालुकदारीही करू दिली. माझ्या मते पुढच्या सगळ्या सुधारणांचे मूळ या घरच्या शाळेत आहे, कोणत्याही इंग्रजी पुस्तकात नाही.

२१ मे १८५३ रोजी कंपनी सरकारने निजामाकडून तह करून घेतला. हैदराबाद कंटिन्जंट या फौजेच्या खर्चाची थकबाकी ४० लाखांच्या वर गेली होती. तिच्यापोटी वऱ्हाड, धाराशिव-नळदुर्गकडचा मुलूख आणि रायचूर दुआब इंग्रजांच्या ताब्यात गेला. त्याच आठवड्यात दिवाण असलेले चुलते वारले. ३१ मे रोजी चोवीस वर्षांचे तुराब अली दिवाण झाले. खजिना रिकामा, चांगला मुलूख गेलेला, उरलेला गहाण.

त्यांनी काय केले ते सांगायला सोपे आहे. एकेका सावकाराला, जमादाराला बोलावून हिशेब मागितला. खरे देणे किती, व्याजावर व्याज किती, हे वेगळे केले. व्याज उतरवून घेतले, रोख हप्ते बांधून दिले आणि तालुके सोडवले. सोडवलेल्या तालुक्यावर ठेकेदार न नेमता पगारी माणूस नेमला. वसूल सरकारी खजिन्यात भरायचा आणि आपला पगार खजिन्यातून घ्यायचा, हा नियम. रुपयामागे आणे बंद. आज हे इतके साधे वाटते, की यात सुधारणा ती कोणती असा प्रश्न पडावा. पण वसूल करणाऱ्या हाताचा वसुलीतला वाटा तोडणे, हीच त्या राज्यातली क्रांती होती. अरबांवरच्या दाव्यांसाठी वेगळे न्यायासन बसवले. १८६५ साली जिल्हाबंदी झाली, राज्याचे सुभे आणि जिल्हे पडले, औरंगाबादला जिल्ह्याची घडी बसली. १८६८ साली महसूल, न्याय, पोलीस वगैरे खात्यांवर वेगवेगळे सदर-उल-महाम नेमले. पुढे मुंबई इलाख्याच्या धर्तीवर जमिनीची मोजणी आपल्याकडे सुरू झाली. शेतकऱ्याला आपला सारा किती हे आधी कळणे, यात केवढा दिलासा असतो ते शेतकऱ्याच्या घरच्या माणसालाच ठाऊक.

ज्यांचे वाटे गेले ते स्वस्थ बसणार नव्हते. त्यात १८५७ आले. इथे मराठवाड्यातल्या वाचकाची सालारजंगांशी सलगी संपते, आणि ते स्वाभाविक आहे. औरंगाबादच्या छावणीतल्या कंटिन्जंटच्या घोडदळाने त्या जूनमध्ये बंड केले, वुडबर्नच्या फौजेने ते मोडले, शिपायांना देहान्त शासन झाले. काळ्या चबुतऱ्याची आणि क्रांती चौकाची स्मृती ती हीच. हैदराबादेत तुर्रेबाझ खान आणि मौलवी अल्लाउद्दीन यांनी रेसिडेन्सीवर चाल केली. दिवाण इंग्रजांच्या बाजूने उभा राहिला. १८५९च्या मार्चमध्ये दरबारातून रेसिडेंटबरोबर बाहेर पडताना त्यांच्यावर गोळी झाडली गेली. १८६८ साली ईदच्या दरबाराला जाताना पुन्हा. दोन्ही वेळा ते बचावले.

स्वतः निजाम अफजल-उद्-दौलांचाही त्यांच्यावर विश्वास नव्हता. शहराबाहेर पाऊल टाकायला दिवाणाला धन्याची परवानगी लागे. ज्या जिल्ह्यांचा कारभार ते कागदावर सुधारीत होते, ते जिल्हे कित्येक वर्षे त्यांना डोळ्यांनी पाहता आले नाहीत. १८६१ साली आणि पुन्हा १८६७ साली त्यांना काढण्याचे घाटले, तेव्हा तारले ते रेसिडेंटने. दिवाणाच्या सचोटीला टेकू होता तो परक्या सत्तेचा. या गोष्टीची नोंद चरित्रकार सहसा ओझरती घेतात. मला ती महत्त्वाची वाटते.

कारण पुढे टेकूच उलटला. १८६९ साली अफजल-उद्-दौला वारले, गादीवर अडीच वर्षांचे महबूब अली आले आणि सालारजंग सहकारभारी झाले. त्यांनी वऱ्हाडाचा विषय काढला. कंटिन्जंटच्या खर्चासाठी रोख तारण ठेवतो, मुलूख परत द्या, ही मागणी. कलकत्त्याहून नकार आला, तेव्हा ते लंडनला गेले. रिबेका घेतली तो हा प्रवास. वाटेत पॅरिसला जिन्यावरून पडून मांडीचे हाड दुखावले, तरी लंडन गाठले. राणीने जेवायला बोलावले, ऑक्सफर्डने पदवी दिली, उमराव मंडळींशी ओळखी झाल्या. वऱ्हाड मात्र मिळाले नाही. भारतमंत्र्यांनी कलकत्त्यामार्फत या म्हणून सांगितले. सरळ लंडनला जाऊन वजन टाकल्याचा व्हाइसरॉय लिटन यांना राग आला. दिवाणांच्या इंग्रज चिटणिसाला नोकरी सोडावी लागली आणि त्यांच्या विरोधातल्या उमरावाला सहकारभारी म्हणून त्यांच्या शेजारी बसवण्यात आले.

इथे विचार करण्यासारखे आहे. ज्या माणसाने घरी मध्यस्थांची सद्दी मोडली, त्यालाच लंडनमध्ये मोठ्या घरांच्या दिवाणखान्यांतून आपले काम पुढे सरकवावे लागले. सत्तेच्या दारी कोण कोणासाठी रदबदली करतो, याची कुठे नोंद नाही, नियम नाही. नियम तेवढा हैदराबादच्या दिवाणाला लावला गेला. आपल्या महाराष्ट्राने १९७१ साली लोकायुक्ताचा कायदा केला, देशात हे पद पहिल्यांदा इथेच आले. पण रदबदली करणाऱ्याने आपले नाव, आपला धनी आणि आपला मोबदला उघड करावा, असा कायदा आजही आपल्याकडे नाही.

८ फेब्रुवारी १८८३ रोजी सालारजंग पटकीने गेले. आदल्या दिवशी मेक्लेनबुर्गच्या पाहुण्या ड्यूकसाठी मीर आलम तलावावर नौकाविहाराचा बेत होता. तलाव त्यांच्या पणजोबांच्या नावाचा. शरीर धडधाकट होते, वय चोपन्न.

त्यांनी नेमलेले हुशार अधिकारी होते, खाती होती, नियम होते. पण नियम पाळले जातात की नाही हे पाहणारा डोळा एकच होता, आणि तो मिटला होता. १८८४ साली त्यांचा मुलगा लायक अली दिवाण झाला. १८८६च्या जानेवारीत राज्यातल्या खाणींचा हक्क वॉटसन आणि स्टुअर्ट या दोघा इंग्रजांना नव्याण्णव वर्षांसाठी देण्यात आला. मध्यस्थ होते सरदार अब्दुल हक, सालारजंगांच्या हयातीतच निजामाच्या चाकरीत मोठे झालेले. लंडनमध्ये दहा लाख पौंडांची कंपनी निघाली. बहुतेक भाग हक्कदारांनी दाम न मोजता आपल्या नावे करून घेतले, त्यातले काही अब्दुल हक यांच्याकडे गेले, आणि कंपनीत सरकारने भाग घ्यावेत असा सल्ला त्यांनीच निजाम सरकारला दिला. सरकारने चढ्या भावाने घेतलेले ते भाग सल्लागाराचेच होते.

बोभाटा झाला आणि १८८८ साली पार्लमेंटच्या समितीसमोर चौकशी झाली. अब्दुल हक यांना नोकरीवरून काढले गेले. लायक अलींनी त्याआधीच, १८८७ साली, दिवाणगिरी सोडली होती. १८८९ साली ते वारले. हक्क दिला गेला तेव्हा ते जेमतेम तेवीस वर्षांचे होते, वडिलांनी रिकामा खजिना हाती घेतला त्याहून एक वर्षाने लहान.