आधी उपचार कोणावर? लारे यांनी घालून दिलेला नियम

मोठा अपघात झाला की घटनास्थळावरून रुग्णालयाला वायरलेसवर जाणारा निरोप पुष्कळदा रंगांत असतो. लाल किती, पिवळे किती, हिरवे किती, एवढेच आधी कळवतात. जखमींची नावे आणि ओळख नंतर. या वर्गवारीला ट्रायज म्हणतात. निवडणे, वेगळे काढणे या अर्थाच्या फ्रेंच क्रियापदापासून हा शब्द तयार झाला. वैद्यकात तो पहिल्या महायुद्धाच्या सुमारास रुळला, पण त्यामागचा नियम एका फ्रेंच शल्यचिकित्सकाने त्याच्या शंभर वर्षे आधीच रणांगणावर पाळून दाखवला होता. त्यांचे नाव दोमिनिक ज्याँ लारे.

लारे यांचा जन्म १७६६ मध्ये पिरेनीज पर्वतातल्या एका खेड्यात, चपला-बूट शिवणाऱ्याच्या घरी झाला. वडील लवकर गेले आणि तेराव्या वर्षी ते तुलूझला काकांकडे आले. काका शल्यचिकित्सक होते, त्यांच्याच हाताखाली लारे ही विद्या शिकले. पुढे पॅरिस गाठले, नौदलाच्या जहाजावर एक सफर केली, पण बोट लागण्याचा त्रास असल्याने समुद्र मानवला नाही. १७९२ मध्ये ते ऱ्हाईन नदीकाठच्या फ्रेंच फौजेत दाखल झाले.

तेव्हाच्या नियमानुसार जखमींसाठीच्या गाड्या लढाईपासून चार-पाच किलोमीटर मागे थांबत. लढाई संपेपर्यंत जखमी जागच्या जागी पडून राहत. मदत पोहोचायला एक दिवस, कधी त्याहूनही जास्त वेळ लागे. तोवर रक्तस्राव आणि थंडीने कित्येकांचा जीव गेलेला असे. वेगाने जागा बदलणाऱ्या घोड्यांच्या तोफा पाहून लारे यांच्या मनात आले, तोफ अशी पळते तर जखमींची गाडी का नाही? त्यातून त्यांची उडती रुग्णवाहिका जन्मली. हलकी, दोन चाकांची, दोन घोड्यांची, दोन जखमी आडवे झोपवता येतील अशी गाडी. सोबत शल्यचिकित्सक, मदतनीस आणि मलमपट्टीचे सामान. १७९७ मध्ये इटलीत त्यांनी अशी ३४० माणसांची तुकडीच उभी केली. इजिप्तच्या वाळूत गाड्या चालेनात, तेव्हा उंटांच्या दोन्ही बाजूंना पेट्या बांधून त्यांतून जखमी आणले.

गाडीने वेळ वाचला, पण एकाच वेळी शेकडो जखमी समोर आले तर सुरुवात कोणापासून करायची? आजवर हुद्दा पाहिला जाई. लारे यांनी ठरवले की फक्त जखम पाहायची. जिवाला धोका असलेला शिपाई आधी, किरकोळ जखमेचा सेनापती नंतर. शत्रूच्या जखमींनाही हाच न्याय. बोरोदिनोच्या लढाईत १८१२ मध्ये त्यांनी चोवीस तासांत सुमारे २०० अवयवविच्छेदन शस्त्रक्रिया केल्या. तेव्हा ना भूल होती ना प्रतिजैविके. जखम सडण्याआधी हात चालवणे एवढाच उपाय होता. त्याच वर्षी माघारीत बेरेझिना नदीच्या पुलावर चेंगराचेंगरी झाली, तेव्हा सैनिकांनी त्यांना डोक्यावरून हातोहात पलीकडे पोहोचवले.

पुढच्या वर्षी दोन हजारांहून अधिक सैनिकांवर आरोप आला, की लढाई टाळण्यासाठी त्यांनी स्वतःच हाताला, बोटांना जखमा करून घेतल्या. नेपोलियनचा संशय पक्का होता. लारे यांनी जखमा तपासल्या आणि सैनिक निर्दोष असल्याचा अहवाल दिला. नवशिक्यांच्या मागच्या रांगेतून सुटलेल्या गोळ्या पुढच्यांच्या हातांना लागल्या होत्या. सम्राटाच्या मनाविरुद्ध दिलेला हा अहवाल सम्राटानेच मान्य केला.

वॉटर्लूला लारे प्रशियाच्या सैन्याच्या हाती सापडले. त्यांना गोळी घालणार एवढ्यात एका जर्मन डॉक्टरने त्यांना ओळखले आणि ते वाचले. ब्ल्यूखर या प्रशियन सेनापतीच्या मुलावर त्यांनी पूर्वी उपचार केले होते, असेही सांगतात. १८४२ मध्ये अल्जीरियाचा पाहणी दौरा आटोपून परतताना लिऑन येथे त्यांचे निधन झाले.

त्यांच्या नियमात पुढे भर पडली. ज्यांना वाचवणे अशक्य आणि ज्यांना थांबता येईल, त्यांना मागे ठेवावे, असे ब्रिटिश नौदलातील शल्यचिकित्सक जॉन विल्सन यांनी १८४६ मध्ये सुचवले. १९८३ मध्ये कॅलिफोर्नियात तयार झालेली आणि आज अनेक देशांत वापरली जाणारी स्टार्ट पद्धत अगदी सोपी आहे. चालता येते तो हिरवा. श्वासमार्ग मोकळा करूनही श्वास नाही तो काळा. श्वास मिनिटाला तीसपेक्षा जास्त, मनगटाची नाडी लागत नाही किंवा साधी सूचना पाळता येत नाही, यांपैकी काहीही असेल तो लाल. उरलेले पिवळे.

रुग्णालयाच्या अपघात विभागातही याच तत्त्वावर रांग लागते. आपल्यानंतर आलेल्याला आत नेले तर बहुधा त्याच्याकडे वेळ कमी आहे, एवढाच त्याचा अर्थ. मात्र ही वर्गवारी कायमची नसते. थांबलेल्या रुग्णाला धाप लागली, गुंगी आली किंवा रक्तस्राव वाढला, तर परिचारिकेला लगेच सांगावे. पिवळ्याचा लाल व्हायला काही मिनिटे पुरतात.