स्टीफन हिस्लॉप

लोहगडवाडीहून गडाची वाट चढताना जो काळा पाषाण पायांखाली लागतो, तो एके काळी तप्त शिलारस होता. मुलांनो, या शिलारसाचे थरांवर थर साचून आपला सह्याद्री घडला. त्याच थरांची पूर्वेकडील कड पार नागपुरापर्यंत पोहोचली आहे.

त्या नागपुरास १८४५ मध्ये स्टीफन हिस्लॉप हे स्कॉटिश धर्मोपदेशक आले. दुसऱ्याच वर्षी त्यांनी तेथे शाळा काढली. नागपुरातील हिस्लॉप महाविद्यालयाला पुढे त्यांचेच नाव मिळाले. फावल्या वेळी मात्र हातोडी घेऊन ते खडक फोडीत हिंडत.

जवळच्या टाकळी येथे त्यांना खडकांच्या दोन थरांमध्ये गाळाचा थर आढळला. शिलारसाचे उद्रेक मधूनमधून थांबत. तेव्हा खोलगट जागी तळी साचत, गोगलगायी वाढत, फळे व बिया पडत. मग पुढचा लोट येऊन सारे झाकून टाकी. या गाळात भुंगेऱ्यांची पंखकवचेही होती! झाडाच्या राळेत अडकलेला कीटक सबंध टिकतो. येथे पाठीवरचे टणक कवच तेवढे उरले होते. अँड्र्यू मरे यांनी १८६० मध्ये त्यांचे वर्णन प्रसिद्ध केले. डार्विनचा उत्क्रांतीवरील ग्रंथ नुकताच, १८५९ मध्ये, निघाला होता.

ते थर सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचे, हे आज आपण जाणतो. महाकाय सरटांचा अंत झाला त्या सुमारास आजच्यासारखे भुंगेरे येथे नांदत होते. सरट गेले, भुंगेरे राहिले.

४ सप्टेंबर १८६३ रोजी टाकळघाटची प्राचीन शिळावर्तुळे पाहून घोड्यावरून परतताना हिस्लॉप पुराच्या ओढ्यात बुडाले. वयाची सेहेचाळीस वर्षे पुरी व्हावयास चार दिवस उणे होते.